जुन्या लॅपटॉपचा केसपेपर



सरकारी दवाखान्यात गेलं की पहिल्या खिडकीवर काय मिळतं? औषध? नाही. इंजेक्शन? मुळीच नाही! मिळतो तो केसपेपर. नाव, वय, काय होतंय, कधीपासून होतंय, आधी कोणतं औषध घेतलं, सगळं त्यावर लिहायचं. मग डॉक्टर तपासणार आणि मगच औषध. आल्या आल्या कुणी म्हणालं, "ह्याला चार इंजेक्शनं द्या, एक तरी लागू पडेल," तर आपण तिथून धूम ठोकू. हो की नाही?

पण घरातलं यंत्र बिघडलं की आपण नेमकं तेच करतो बरं का! हे बदल, ते बदल, नाहीतर सरळ भंगारात टाक. म्हणून आज आपण एका आजारी लॅपटॉपचा केसपेपर उघडणार आहोत. वही-पेन्सिल घेऊन बसा.

पेशंट कोण?

आमच्या शाळेतल्या सातवीतल्या एका मुलीचा दादा सिव्हिल डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आहे. त्याला कॉम्प्युटरवर घरांचे नकाशे काढायचा सराव हवा. नव्या लॅपटॉपसाठी आईने बचत गटाकडे कर्जाची चौकशीही केली होती. तेवढ्यात मामाने आपला जुना लॅपटॉप आणून दिला. पण तो चालता चालता बंद पडायचा, नाहीतर पडदा जागच्या जागी गोठायचा. बघणारा प्रत्येक जण म्हणायचा, "अहो, भंगारात द्या!" कर्जाचा अर्ज महिनाअखेरीपर्यंत भरायचा होता. म्हणजे हातात होते तीन आठवडे. शिवाय त्या लॅपटॉपच्या पोटात आजीचे पंढरपूरच्या वारीतले फोटो होते, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती!

लॅपटॉप होता थिंकपॅड डब्ल्यू-५३०. थिंकपॅड हे नाव आयबीएम कंपनीने १९९२ साली बाजारात आणलं. २००५ साली लेनोवो कंपनीने आयबीएमचा हा धंदा विकत घेतला. डब्ल्यू-५३० आला २०१२ मध्ये. हा 'वर्कस्टेशन' जातीचा लॅपटॉप. म्हणजे काय? घरचा साधा लॅपटॉप ही स्कूटर धरली, तर वर्कस्टेशन म्हणजे मालवाहू टेम्पो. पुलांचे, यंत्रांचे, इमारतींचे मोठमोठे नकाशे ओढायला बनवलेला. म्हणूनच तो जाडजूड, वजनाला पावणेतीन किलोच्या आसपास. पण त्याच्या पोटातले बरेच भाग सुटे करता येतात, बदलता येतात. जुन्या वर्कस्टेशनवर मेहनत घ्यावीशी वाटते ती यामुळेच.

पहिलं पान : लक्षणं

मी त्या बहीणभावांना एक दोनशेपानी वही दिली आणि एकच नियम सांगितला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदलली की तपासायचं, तपासलं की लिहायचं. वही लिहून झाल्याशिवाय पुढच्या स्क्रूला हात लावायचा नाही!

आधी नुसतं बघत बसायचं. बहिणीने घड्याळ लावून लिहिलेल्या नोंदी अशा :

सोमवार. सुरू केल्यावर १४ मिनिटांनी पूर्ण बंद. लगेच पुन्हा सुरू केला, दोन मिनिटांत बंद. अर्ध्या तासाने सुरू केला, १५ मिनिटं चालला.
मंगळवार. ६ मिनिटांनी पडदा गोठला. बाण हलत नाही. पंखा चालू.
बुधवार. १३ मिनिटांनी पूर्ण बंद. तळ खूप गरम.
गुरुवार. ३ मिनिटांनी गोठला.

आता तुम्ही सांगा, काय दिसतं? थांबा, पुढे वाचू नका. आधी विचार करा.

जमलं? 'बंद पडणं' दर वेळी १३ ते १५ मिनिटांनी होतंय, आणि थंड होऊ दिलं की पुन्हा तेवढाच वेळ चालतंय. पण 'गोठणं' कधीही होतंय, त्याला वेळेचा धरबंद नाही. सगळे जण 'लॅपटॉप बंद पडतो' असं एकच वाक्य म्हणत होते. वहीने सांगितलं की आजार दोन असू शकतात. ताप आणि खोकला एकाच पोराला एकाच वेळी, पण कारणं निराळी.

दुसरं पान : आधी फोटो वाचवा

दादा लगेच स्क्रूड्रायव्हर घेऊन तयार. मी म्हटलं, "थांब. आधी आजीचे फोटो."

कॉम्प्युटरची माहिती साठते त्या भागाला हार्ड डिस्क म्हणतात. ह्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची डिस्क होती. तिच्या आत चकचकीत तबकडी मिनिटाला ७२०० फेऱ्या मारते. म्हणजे सेकंदाला किती? ७२०० भागिले ६०, बरोबर १२०! अशी वर्षानुवर्षं फिरलेली तबकडी कधी दगा देईल याचा नेम नाही. लॅपटॉप तर पंधरा मिनिटांत बंद पडणारा, त्यात कॉपी करायची कशी? म्हणून चार्जर काढला, बॅटरी काढली, डिस्क बाहेर काढली आणि एका जोडवायरीने शाळेच्या कॉम्प्युटरला लावली. फोटो दोन ठिकाणी उतरवले. एक प्रत पेन ड्राइव्हवर, एक मामाकडे.

मग डिस्कची नाडी पाहिली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते. ती वाचायला क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा फुकट प्रोग्राम मिळतो. तब्येत ठीक असली तर निळा रंग, सांभाळून राहा म्हटलं तर पिवळा, आणि वाईट असली तर लाल. आमचा आला पिवळा. काही जागा डिस्कला नीट वाचता येत नव्हत्या. फोटो आधी उतरवले ते किती बरं झालं!

आणखी एक. मामाच्या कामाची काही कागदपत्रंही त्यात होती. ती कुणी उघडली नाहीत. मामाला विचारलं, त्याने स्वतः येऊन आपली आपण नेली. दुसऱ्याचा लॅपटॉप म्हणजे दुसऱ्याचं कपाट. किल्ली हातात आली म्हणून धुंडाळायचं नसतं.

तिसरं पान : चार्जरचं गणित

कमी ताकदीचा चार्जर लावला तरी असे लॅपटॉप कुरकुरतात. तेव्हा तोही संशयित! चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. बहिणीने भिंग घेऊन वाचलं : २० व्होल्ट, ६.७५ अँपिअर. व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॅट. २० × ६.७५ = १३५ वॅट. ह्या मॉडेलला आतल्या ग्राफिक्स कार्डाप्रमाणे १३५ किंवा १७० वॅटचा चार्जर येतो. यातलं कार्ड लहान, क्वाड्रो के-१००० एम. त्याला १३५ वॅटचाच लागतो. म्हणजे चार्जर निर्दोष! वहीत त्याच्या नावापुढे बरोबरची खूण.

निर्दोष कोण हे कळणं हीसुद्धा प्रगतीच असते, मुलांनो. संशयितांची यादी एकाने कमी झाली ना!

चौथं पान : ताप

आता पहिला आजार, बंद पडणं. डिस्कवर भरवसा नव्हता, म्हणून ती बाहेरच ठेवली आणि लिनक्स मिंट नावाची फुकट मिळणारी प्रणाली पेन ड्राइव्हवरून चालवली. थिंकपॅड सुरू होताना एफ-१२ हे बटण दाबलं की कशावरून सुरू व्हायचं ते विचारतो. तापमान दाखवणारा प्रोग्राम उघडला आणि प्रोसेसरला मुद्दाम जड गणितं करायला लावली. दर दोन मिनिटांनी आकडा लिहिला. ७१, ८४, ९०, ९५, ९९… आणि बंद!

प्रोसेसर हा कॉम्प्युटरचा मेंदू. तो काम करताना तापतो. ती उष्णता तांब्याच्या नळीतून बारीक जाळीकडे जाते आणि पंखा ती बाहेर फेकतो. तापमान फारच वाढलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला लॅपटॉप बंद करतो. तेव्हा हे बंद पडणं म्हणजे बिघाड नव्हताच, ती तर लॅपटॉपची हाक होती.

पंख्यापर्यंत पोचायला या मॉडेलचे बरेच भाग उलगडावे लागतात. म्हणून ते काम बाजारातल्या दुरुस्तीवाल्या दादांकडून करून घेतलं. दोघं बहीणभाऊ शेजारी स्टुलावर बसून बघत होते. जाळीवर गोधडीच्या कापसासारखा धुळीचा थर! ब्रश आणि फुंकणीने तो काढला. जोराच्या हवेने पंखा गरागरा फिरून बिघडू नये म्हणून दादांनी त्याचं पातं बोटाने धरून ठेवलं होतं. प्रोसेसर आणि तांब्याचा पत्रा यांच्यामध्ये एक लेप असतो, तो उष्णता पुढे पोचवतो. तो वाळून खडूसारखा झाला होता. स्पिरिटने पुसून नवा लेप लावला. किती? अगदी तांदळाच्या दाण्याएवढा. जास्त लावला म्हणून जास्त गार होत नाही हं!

घरी येऊन तीच परीक्षा पुन्हा. तेच गणित, तेवढाच वेळ, पंखा त्याच वेगाचा, टेबलही तेच. आकडे : ५८, ६९, ७५, ७८, ७८, ७८. तासभर चालला. बंद पडला नाही.

पण एक तास दहा मिनिटांनी पडदा गोठला.

दादाचं तोंड पडलं. बहीण मात्र खूश! "बाई, आपण लिहिलंच होतं, आजार दोन आहेत!"

पाचवं पान : चार भावंडांतला चोर

आता रॅम. डिस्क हे कपाट धरलं, तर रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल. कपाटातली वही आधी टेबलावर येते, मग तुम्ही लिहिता. टेबलाचा एक पाय डुगडुगत असला तर अक्षर कधी नीट येईल, कधी बिघडेल. वेळेचा नेम नाही. गोठण्याचं लक्षण अगदी असंच नव्हतं का?

ह्या लॅपटॉपमध्ये रॅमच्या चार पट्ट्यांची सोय आहे. दोन तळाच्या झाकणाखाली, दोन चक्क कीबोर्डखाली. आमच्यात ४ जीबीच्या चार पट्ट्या होत्या, एकूण १६ जीबी. चौघींपैकी चोर कोण?

पट्टीला हात लावण्याआधी चार्जर आणि बॅटरी दोन्ही काढायची. मग सुरू करायचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, उरलीसुरली वीज निघून जाते. आता एक प्रयोग करा. प्लॅस्टिकचा कंगवा कोरड्या केसांवर घासा आणि कागदाच्या कपट्यांजवळ न्या. कपटे उडी मारून चिकटतात ना? तशीच वीज आपल्या अंगावरही साठते. आपल्याला ती कळतही नाही, पण चिपला मारक ठरू शकते. म्हणून आधी खिडकीच्या लोखंडी गजाला हात लावायचा, लोकरीचा स्वेटर काढून ठेवायचा, आणि पट्टी कडेने धरायची, सोनेरी दातांना बोट लावायचं नाही.

मग मेमटेस्ट-८६-प्लस हा प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालवला. तो रॅमच्या प्रत्येक घरात आकडे लिहितो आणि परत वाचून बघतो. लिहिलं एक आणि वाचलं दुसरंच, की लाल ओळ. एकेक पट्टी एकटी लावून, त्याच खाचेत, पुरी फेरी होईपर्यंत थांबायचं. पट्ट्यांवर चिकटपट्टीने क, ख, ग, घ अशी नावं लावली.

क, चूक नाही. ख, चूक नाही. ग, लाल ओळीच ओळी! घ, चूक नाही.

सापडला चोर? थांबा, घाई नको. चांगल्या पोलिसासारखी उलटतपासणी करायची. 'ग' पट्टी आधी ज्या कीबोर्डखालच्या खाचेत होती, ती खाचच खराब असली तर? म्हणून 'क' ही चांगली पट्टी त्या खाचेत लावून पाहिली. चूक नाही. मग 'ग' तिसऱ्याच खाचेत लावली. पुन्हा लाल. आता मात्र नक्की. खाच निर्दोष, पट्टी दोषी!

आणि गंमत म्हणजे नवी पट्टी विकत घ्यावीच लागली नाही. उरलेल्या तिन्हींची मिळून १२ जीबी झाली. पहिल्या वर्षाच्या नकाशांना ती भरपूर. पुढे वाटलं तर हे मॉडेल ३२ जीबीपर्यंत जातं. फक्त पट्टी डीडीआर-३ जातीची लागते. डीडीआर-४ची खाच वेगळ्या जागी असते, ती इथे बसतच नाही. म्हणून दुकानात जाताना जुनी पट्टी सोबत न्यायची.

सहावं पान : नवा दागिना

आता कुठे खर्च! फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी बसवली. तिच्यात तबकडी नाही, सुई नाही, नुसत्या चिप. जुनी डिस्क सेकंदाला शंभरेक एमबी वाचायची, ही ५०० एमबीच्या वर. लॅपटॉप सुरू व्हायला आधी दोन मिनिटं वीस सेकंद लागायचे, आता २२ सेकंद. बहिणीने दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत.

तुम्ही विचाराल, बाई, ही डिस्क आधीच का नाही बसवली? पहिल्याच दिवशी सगळं बदललं असतं तर लॅपटॉप तरीही तापला असता, तरीही गोठला असता. मग दादा म्हणाला असता, नवी डिस्कच खराब! आधी रोग बरा करायचा, मग नवे कपडे शिवायचे.

प्रणाली कोणती टाकायची हाही प्रश्न होता. विंडोज-१०ला कंपनीकडून मिळणारी सुरक्षेची मोफत मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज-११ इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा प्रोसेसर मागतं, आणि आमचा पेशंट तिसऱ्या पिढीचा. म्हणून लिनक्स मिंटच कायमची बसवली. त्यावर लिब्रेकॅड आणि फ्रीकॅड हे नकाशे काढायचे प्रोग्राम फुकट मिळतात. कॉलेजात शिकवतात तो प्रोग्राम मात्र ह्यावर चालत नाही. त्याचा सराव दादा कॉलेजच्या लॅबमध्ये करतो. घरी काढलेला नकाशा डीएक्सएफ प्रकारात साठवला की तिथे उघडता येतो.

बॅटरी जेमतेम वीस मिनिटं टिकते. वीज गेली की काम आवरतं घ्यायचं. पंख्याचा आवाजही येतो. पण चार दिवस, रोज तीन तास, तो ना बंद पडला, ना गोठला. आईने बचत गटात जाऊन कर्जाचं नाव काढून घेतलं. शेवटच्या नोंदीखाली तिनेही सही केली आहे.

आईबाबांसाठी चार शब्द

दुरुस्तीला हात घालण्याआधी किती खर्चापर्यंत जायचं ते घरात ठरवा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मुख्य बोर्ड गेला असता तर ह्या घरानेही थांबायचं असं ठरवलं होतं. तपासणीचे बहुतेक प्रोग्राम फुकट आहेत, त्यामुळे रोग कळेपर्यंत खिशाला फार चाट बसत नाही. दुरुस्तीवाल्याकडे 'चालत नाही' एवढंच सांगू नका, नोंदी दाखवा. त्याचाही वेळ वाचतो.

बॅटरी फुगलेली दिसली तर मात्र तिथेच थांबा. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. चार्जरचा डबा मुलांना उघडू देऊ नका. खराब पट्टी, जुनी डिस्क, बॅटरी हा ई-कचरा आहे. तो घरच्या कचऱ्यात न टाकता मान्यताप्राप्त संकलन केंद्रावर द्यायचा असतो. आणि डिस्क देण्याआधी तिच्यातली माहिती पुसायला विसरू नका.

या आठवड्याचा उपक्रम

लॅपटॉपच हवा असं नाही. घरातली कुरकुरणारी कोणतीही वस्तू निवडा. मिणमिणणारी टॉर्च, मागे पडणारं घड्याळ, सायकलची घसरणारी साखळी. एका कागदावर तिचा केसपेपर करा. चार दिवस नुसती लक्षणं लिहा, वेळेसकट. मग संशयितांची यादी करा. मोठ्या माणसाला सोबत घ्या, विजेच्या बोर्डावर चालणारी वस्तू असेल तर आधी प्लग काढा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून बघा. सेल बदलले? लिहा. फरक पडला नाही? तेही लिहा!

तुमचे केसपेपर मला जरूर पाठवा. रोग सापडला नसला तरी चालेल, पण नोंदी खऱ्या हव्यात बरं का! पुढच्या अंकात त्यातला एक पेशंट आपण सगळे मिळून तपासू.

तुमच्या बाई